कारखान्याच्या अंगणातील पाऊस

नदीकाठच्या नगराचे पाणी नदीतच उतरते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. पुणे, नाशिक किंवा पंढरपूर पाहिलेल्या वाचकाला त्यात शंका घेण्याजोगे काही वाटणार नाही. कोलकाता मात्र या समजाला अपवाद आहे. हे शहर हुगळीच्या पूर्व तीरावर वसले; पण नदीने शतकानुशतके आणून टाकलेल्या गाळाने तिचा काठ उंच झाला आणि शहराच्या भूमीला उतार मिळाला तो नदीकडे पाठ करून, पूर्वेकडील दलदलीच्या आणि खाऱ्या सरोवरांच्या दिशेने. या शहरात पडलेला पावसाचा थेंब निसर्गतः हुगळीकडे न जाता पूर्वेला जातो. कारखान्याने आपल्या अंगणातील पावसाचे पाणी कोठे आणि कोणत्या अटींवर सोडावे, हा वरवर कारकुनी वाटणारा प्रश्न कोलकात्यात एवढा गंभीर का झाला, हे समजण्यासाठी प्रथम हा उतार ध्यानात ठेवला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विल्यम क्लार्क या अभियंत्याने शहरासाठी भूमिगत गटारांची योजना आखली. ती संयुक्त पद्धतीची होती. म्हणजे घरांतील मैलापाणी आणि रस्त्यांवरील पावसाचे पाणी एकाच विटांच्या भुयारातून वाहून न्यावयाचे. मुंबईत या दोन पाण्यांच्या वाटा सामान्यतः निरनिराळ्या ठेवल्या गेल्या. जुन्या कोलकात्यात त्या एकच राहिल्या. ही भुयारे ताशी सुमारे ६ मिलिमीटर पावसाचा निचरा करू शकतील अशा हिशेबाने बांधलेली होती. वर्षाकाठी सुमारे १,६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत पडणाऱ्या शहराला ही क्षमता किती तोकडी आहे, हे श्रावणात गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या प्रत्येक कोलकातावासीयाला ठाऊक असते.

हे सर्व पाणी पूर्वी विद्याधरी नदीच्या भरती-ओहोटीवर सोपवलेले असे. नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. तेव्हा कलकत्ता महापालिकेचे अभियंता डॉ. बी. एन. डे यांनी शहराचे पाणी आणखी पूर्वेला, तीस-पस्तीस किलोमीटर दूर असलेल्या कुलटी नदीपर्यंत नेण्याची योजना तयार केली व ती १९४३ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्यात दोन कालवे आहेत. एक कोरड्या दिवसांतील मैलापाण्याचा, दुसरा पावसाळी पाण्याचा. या दुसऱ्याचे सरकारी नाव 'स्टॉर्म वेदर फ्लो' असे आहे. अनुवादकाला या 'स्टॉर्म' शब्दाने नेहमीच अडचणीत टाकावे. शब्दशः तो वादळाचा. परंतु अभियंत्याच्या भाषेत त्याचा वादळाशी संबंध नसतो. जमिनीत न मुरता पृष्ठभागावरून वाहून जाणारे पावसाचे कोणतेही पाणी, मग ते आषाढातल्या संततधारेचे असो की वैशाखातल्या वळिवाचे, या नावाखाली येते. येथे त्यासाठी 'पर्जन्यजल' हा शब्द योजला आहे. तो नि:संशय शुद्ध आहे, आणि खरी अडचण त्या शुद्धतेचीच आहे. कारण छपरावरून खाली येऊन अंगणातून वाहत कारखान्याच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत हे पाणी शुद्ध राहिलेले नसते.

कालव्यांच्या वाटेवर कोलकात्याची पाणथळ भूमी आहे. मैलापाणी उथळ तळ्यांत घ्यावयाचे, काही दिवस ऊन खाऊ द्यावयाचे, त्यात शेवाळ वाढले की रोहू, कटला, मृगळ असे मासे सोडावयाचे, ही विद्या तेथील मत्स्यपालकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आत्मसात केली. या तळ्यांना बंगालीत 'भेरी' म्हणतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने १९८० नंतरच्या दशकांत ही व्यवस्था अभ्यासून जगापुढे मांडली, १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या भूमीवरील बांधकामांना आळा घातला, आणि १९ ऑगस्ट २००२ रोजी सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशाचा दर्जा मिळाला. शहर येथे आपले मैलापाणी देते आणि मासे व भाजी परत घेते. या देवघेवीला एकच अट आहे: पाण्यात जे येईल ते सडणारे, पचणारे असले पाहिजे. विष्ठा शेवाळाला पचते. क्रोमियम पचत नाही; ते तळाच्या चिखलात साचून राहते.

आणि क्रोमियम येत होते. कोलकात्याच्या पूर्व सीमेवर तांग्रा, तिलजला, तोपसिया आणि पागलाडांगा या वस्त्यांत चामडे कमावण्याचे साडेपाचशेच्या आसपास कारखाने होते. तांग्राचे बरेचसे कारखाने हाक्का वंशाच्या चिनी कुटुंबांचे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, हे मराठी वाचकाला परिचयाचे आहे. ते काम सावकाश होते. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम फार लवकर होते, आणि कोलकात्याच्या सुमारे ९० टक्के कारखान्यांनी ही क्रोमची रीत स्वीकारलेली होती. हे प्रमाण न्यायालयापुढे मांडले ते नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने. गंगेच्या प्रदूषणाविरुद्ध वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेच्या ओघात या कारखान्यांची पाहणी तिच्यावर सोपवण्यात आली होती. १९ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. सर्व कारखान्यांनी शहर सोडून पूर्वेला बांतला येथे उभारल्या जाणाऱ्या चर्मोद्योग वसाहतीत जावे, प्रत्येकाने १०,००० रुपये दंड भरावा, कामगारांची नोकरी अखंड मानली जावी, असा त्याचा आशय होता. दिलेली मुदत १९९७ ची होती. प्रत्यक्ष स्थलांतर त्यानंतर अनेक वर्षे रेंगाळले आणि २००५ मध्ये वसाहतीचे रीतसर उद्घाटन झाले.

या खटल्याची चर्चा बहुधा कारखान्यांच्या सांडपाण्याभोवती फिरते. ते स्वाभाविक आहे. पिंपातून बाहेर पडणारे निळसर-हिरवे पाणी डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. परंतु चामड्याच्या कारखान्याचे अंगण नीट पाहिले, तर तेथे पावसाची वाट पाहत पडलेल्या अनेक वस्तू आढळतात. कच्ची कातडी टिकावी म्हणून तिच्यावर मीठ चोळलेले असते. ती झटकली की ते मीठ जमिनीवर पडते. केस काढण्यासाठी वापरलेल्या चुन्याचा थर कोपऱ्यात असतो. खरवडलेले मांस आणि चरबी असते. कमावलेले चामडे तासताना निघालेल्या भुशात क्रोमियम असते. शुद्धीकरणाच्या टाकीतून काढलेला गाळ वाळत घातलेला असतो. उन्हाळाभर हे सर्व जागच्या जागी राहते, आणि निरीक्षकाच्या वहीत सांडपाण्याचे आकडे नियमात बसतात. मग एका दुपारी वळीव येतो. पहिल्या पंधरावीस मिनिटांत अंगण धुऊन निघते आणि आठ महिन्यांचा संचय एकाच लोंढ्याने नाल्यात उतरतो. पुढचा तासभराचा पाऊस तुलनेने स्वच्छ असतो. जलशास्त्रात या आरंभीच्या लोंढ्याला पहिली धूप नव्हे, 'पहिली धुलाई' म्हणता येईल. आणि पर्जन्यजलाच्या परवानगीचे सारे शास्त्र या पंधरावीस मिनिटांभोवती उभे आहे.

अमेरिकेत या पाण्यासाठी स्वतंत्र परवाना आहे. तेथील १९७२ च्या जलशुद्धी कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती करून कारखान्यांच्या पर्जन्यजलाचा अंतर्भाव करण्यात आला आणि १९९० मध्ये त्याचे नियम लागू झाले. कारखान्याला स्वतःची प्रदूषण-प्रतिबंधक योजना लिहून ठेवावी लागते, आणि पावसाचे पाणी वाहू लागल्यापासून शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात नमुना घ्यावा लागतो. कोणतीही वस्तू पावसात उघडी राहत नाही असे सिद्ध करणाऱ्याला परवान्यातून सूटही मिळू शकते. ही सूट मला त्या व्यवस्थेतील सर्वांत शहाणी तरतूद वाटते. कारण ती कागद भरण्यापेक्षा छप्पर घालणे सोपे करून ठेवते.

भारतात अशा नावाचा वेगळा परवाना नाही. म्हणून पावसाच्या पाण्याला परवानगी लागत नाही, असा समज अनेक उद्योजकांत आढळतो. तो चुकीचा आहे. १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम आरंभी ज्या राज्यांना लागू झाला, त्यांत पश्चिम बंगाल होते. (महाराष्ट्राने त्याआधीच, १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता, केंद्रीय अधिनियम त्याने १९८१ मध्ये स्वीकारला.) या अधिनियमाच्या दोन व्याख्या सावकाश वाचण्यासारख्या आहेत. औद्योगिक नि:स्राव म्हणजे उद्योग चालत असलेल्या जागेतून बाहेर सोडला जाणारा, घरगुती मैलापाणी वगळता, कोणताही द्रव, वायू अथवा घन पदार्थ. येथे निकष यंत्राचा वा प्रक्रियेचा नाही; जागेचा आहे. अंगणातून क्रोमियम घेऊन बाहेर पडणारे पावसाचे पाणी या व्याख्येबाहेर ठेवणे कठीण आहे. दुसरी व्याख्या प्रवाहाची. तीत नदी येते, तद्वतच जलमार्गही येतो, मग तो वाहता असो अथवा तूर्त कोरडा असो. कुंपणामागचा नाला उन्हाळ्यात सुका होता, हा बचाव कायद्याने आधीच काढून घेतलेला आहे.

याच अधिनियमाच्या २५ व्या कलमानुसार, ज्यातून नि:स्राव बाहेर पडण्याचा संभव आहे असा उद्योग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पूर्वसंमतीवाचून उभारता येत नाही. संमती दोन टप्प्यांत मिळते: प्रथम उभारणीची, नंतर चालवण्याची. पर्जन्यजलाची परवानगी या दोन संमतिपत्रांच्या पोटात असते, आणि ती मिळते की नाही हे ठरते अर्जासोबतच्या एका नकाशावर.

समजा, एखाद्या उद्योजकाला एक एकर जागेवर चामड्याचा कारखाना उभारावयाचा आहे आणि तो रोज पाच टन कच्ची कातडी कमावणार आहे. एका टनाला साधारण तीस ते चाळीस हजार लिटर पाणी लागते. म्हणजे दिवसाचे सांडपाणी दीड ते दोन लाख लिटर. शुद्धीकरणाची व्यवस्था तो या प्रमाणात बांधील. आता त्याच एक एकरावर, छप्पर आणि फरशी धरून, २५ मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते सुमारे १ लाख लिटर. आणि कोलकात्यात एवढा पाऊस तासाभरात पडणे नवलाचे नाही. हे पाणी सांडपाण्याच्या गटारात शिरले, तर दिवसभराच्या निम्म्याहून अधिक भार टाक्यांवर एका तासात येऊन पडेल. टाक्या तुडुंब भरून वाहतील, आणि पावसाबरोबर न शुद्ध केलेले सांडपाणीही बाहेर जाईल. उलट, सांडपाणी पावसाच्या गटारात सोडले तर ते विरळ होऊन आकड्यांत बसेल. पण भेरीच्या तळाशी जाणारे क्रोमियम ग्रॅमभरानेही कमी होणार नाही. म्हणून पाणी मिसळून विरळ करणे हे शुद्धीकरण मानले जात नाही.

यास्तव नकाशात तीन वाटा निरनिराळ्या दाखवाव्या लागतात: कामगारांच्या संडास-स्नानगृहांचे मैलापाणी, प्रक्रियेचे सांडपाणी, आणि पाऊस. जमिनीची उंची, उताराचे बाण, छपराच्या पन्हळी, प्रत्येक गटाराचे तोंड आणि ते ज्या नाल्यात उघडते त्याचे नाव, हे सर्व त्यावर हवे. कच्ची कातडी, चुना, भुसा आणि गाळ कोठे ठेवणार ते दाखवावे लागते. आणि त्या जागांवर छप्पर व भोवती बुटकी भिंत असली, तर अर्धे काम तेथेच होते. छपरावरचे स्वच्छ पाणी थेट पावसाच्या गटारात जाऊ शकते. उघड्या अंगणाच्या पहिल्या धुलाईसाठी मात्र टाकी ठेवणे इष्ट. एका एकरावरचा पहिला १० मिलिमीटर पाऊस अडवावयाचा, तर ४० हजार लिटरची टाकी पुरते. ते पाणी नंतर सवडीने शुद्धीकरणाकडे न्यावयाचे. हा आकडा कायद्याने ठरवलेला नाही, हिशेब समजावा म्हणून दिला आहे.

नकाशाला जोडून पाण्याचा ताळेबंद असतो: किती घेतले, किती वापरले, किती वाफ झाले, किती बाहेर गेले. पाण्याचा शेवट कोठे होणार यावर मर्यादा ठरतात. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे, सजीवांना कुजणारे द्रव्य पचवण्यासाठी जो प्राणवायू लागतो त्याचे प्रमाण नदी-नाल्यात सोडताना लिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या सार्वजनिक गटारात ते ३५० पर्यंत चालते. एकूण क्रोमियमची मर्यादा मात्र दोन्हीकडे २ मिलिग्रॅम आहे. या समानतेमागचे कारण वर आलेच आहे: कुजणारे द्रव्य पुढे पचते, क्रोमियम पचत नाही. शहराच्या गटाराला जोडावयाचे असेल तर महापालिकेची वेगळी अनुमती लागते. जागा पाणथळ प्रदेशाच्या सीमेत असेल तर २००६ च्या राज्य कायद्याने स्थापन झालेल्या प्राधिकरणाला वगळून पुढे जाता येत नाही. हे दाखले मिळवण्यात उद्योजकाची चप्पल झिजते हे खरे. अर्ज आता संगणकावरून होतात, तरी नकाशा चुकीचा असेल तर तो तितक्याच वेगाने परत येतो.

मंडळाने चार महिन्यांत निर्णय दिला नाही, तर संमती मिळाली असे कायदा मानतो. नकार मिळाल्यास वा एखादी अट जाचक वाटल्यास तीस दिवसांत अपील करता येते. उभारणी पूर्ण झाल्यावर निरीक्षक येतात. जाणता निरीक्षक यंत्रांपेक्षा झाकणे आधी उघडतो. फाल्गुन-चैत्रात, महिनाभर पाऊस नसताना, पावसाच्या म्हणून दाखवलेल्या गटारात ओल आढळली, तर कोठे तरी दोन वाटा मिळालेल्या आहेत, हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नसते.

सामायिक शुद्धीकरण केंद्र असलेल्या बांतलासारख्या वसाहतीत तर हा धोका दुप्पट होतो. तेथे प्रत्येक कारखान्याचे सांडपाणी नळांतून केंद्राकडे जावयाचे असते. चामड्याच्या सांडपाण्यात केस, चुना आणि चरबी असते, नळ तुंबतात. तुंबलेल्या नळातून वर आलेले पाणी रस्त्याकडेच्या सर्वांत जवळच्या उघड्या वाटेने जाते, आणि ती वाट नेहमी पावसाच्या गटाराची असते. एका कारखान्याचा नकाशा निर्दोष असूनही वसाहतीचा नाला दूषित होऊ शकतो. मग दोष कोणाचा हे ठरवताना फाटकाशी घेतलेल्या नमुन्यावाचून दुसरा आधार राहत नाही. म्हणून आपल्या हद्दीच्या शेवटच्या टोकाला नमुना घेण्यासाठी खड्डा ठेवणे प्रामाणिक उद्योजकाच्याच हिताचे असते.

राहता राहिला तो मत्स्यपालक, ज्याच्या तळ्याकडे हा सारा उतार जातो. संमतीच्या अर्जावर त्याची सही नसते आणि पाहणीच्या दिवशी त्याला कोणी बोलावत नाही. परंतु २५ व्या कलमाच्या ६ व्या पोटकलमात त्याच्यासाठी एक दार उघडे ठेवलेले आहे, ज्याची माहिती फार थोड्यांना असते. मंडळाने घातलेल्या अटींची एक नोंदवही ठेवली पाहिजे, आणि तिचा जो भाग एखाद्या निर्गममार्गाशी वा नि:स्रावाशी संबंधित असेल, तो त्या निर्गमाची झळ पोचणाऱ्या कोणाही व्यक्तीला वाजवी वेळी पाहावयास मिळाला पाहिजे, असे ते सांगते. भेरीवाल्याने तेथे जाऊन एवढेच पाहावे: वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याच्या नावापुढे गटारांची किती तोंडे लिहिलेली आहेत. मग पहिल्या वळिवाच्या दिवशी, पाऊस सुरू होताच, कालव्याच्या बांधावरून चालत जाऊन वाहणारी तोंडे मोजावीत.